घायपात : काटक वनस्पती, नाजूक बाजार

अवर्षणाची चाहूल लागली की कमी पाण्यावर तगणाऱ्या वनस्पतींचे गुणगान सुरू होते आणि त्यात घायपाताचे नाव हटकून येते. मराठवाड्यात केकताड म्हणून परिचित असलेली ही मूळची मेक्सिकोची वनस्पती मुरमाड माळावर नि शेताच्या बांधावर वर्षानुवर्षे तग धरते. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. घायपाताची रात्री, हवा थंड झाल्यावर. साहजिकच तिचे पाणी फारसे उडून जात नाही. तिला मानवत नाही ते साचलेले पाणी. म्हणून लागवडीस निचऱ्याची, उताराची जागा निवडावी आणि मुनवे किंवा फुलोऱ्याच्या दांड्यावर येणाऱ्या कंदिका लावाव्यात.

परंतु रोप जगले म्हणजे शेतकरी तरला, असा हिशेब मांडता येत नाही. पाने कापणीस येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात आणि पानांच्या वजनात वाख भरतो अवघा 4 टक्क्यांच्या आसपास. 100 किलो पाने वाहून आणावीत, तेव्हा 4 किलो वाख हाती येणार! शिवाय पानांच्या रसाने अंगाला खाज सुटते. एवढ्या कष्टाने वळलेल्या दोराची गाठ पडते ती स्वस्त नायलॉनशी. दोर वळण्याचा मातंग समाजाचा पिढीजात व्यवसाय याच स्पर्धेत खचला. बांधावरचे केकताड मात्र जागच्या जागी राहिले.

आजच्या टांझानियाचा अनुभवही हेच सांगतो. 1893 मध्ये तेथे पोचलेल्या कंदिकांपैकी जेमतेम 62 तगल्या. त्यांतून वाढलेल्या मळ्यांच्या बळावर 1960 नंतरच्या काही वर्षांत हा देश या धाग्याच्या उत्पादनात जगात अग्रेसर होता. वार्षिक उत्पादन 2 लाख टनांवर गेले होते. पुढे कृत्रिम धाग्याने भाव पाडले, 1967 मध्ये मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शतक संपताना उत्पादन मूळच्या दशांशावर आले. या पडझडीचा दोष हवामानाकडे जात नाही.

तेव्हा घायपाताकडे प्रथम कुंपण व मृदसंधारणाचे साधन म्हणून पाहावे. जेथे ज्वारीही पिकत नाही, अशाच जमिनीत ते लावावे. वाखाचे उत्पन्न हवे असेल, तर पाने सोलण्याचे सामायिक यंत्र गावातच हवे आणि खरेदीची हमी लागवडीपूर्वी मिळावयास हवी. रोपे वाटणे सोपे असते. वाख विकत कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज ती वाटणे म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या जोखमीत भर घालणे होय.