बोलक्या चित्राकडून मुक्या चित्राकडे

‘चित्रपट’ हा शब्द आज आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्यातील ‘पट’ म्हणजे वस्त्र, हे ध्यानातही येत नाही. ज्यावर आकृती रंगविल्या आहेत असे कापड, या अर्थाने हा शब्द यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याजवळ होता. चिनी लोकांचीही गोष्ट अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शांघायमधील बागांतून व चहागृहांतून हलती चित्रे दिसू लागली, तेव्हा त्यांना तेथे ‘पाश्चात्य छायानाट्य’ म्हणण्यात आले. आणि पुढे जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ ‘विजेची सावली’ असा होतो. कातडी बाहुल्यांच्या सावल्या पाडून कथा सांगण्याची प्रथा त्या देशात फार जुनी. भाषांतराच्या व्यवसायात असलेल्यास यात नवल वाटणार नाही. परंतु जुना शब्द नव्या वस्तूला नुसते नाव देत नाही, तो तिच्याविषयी एक अपेक्षाही उत्पन्न करतो. मराठी समाजाने या नव्या वस्तूकडून कशाची अपेक्षा केली, याचा विचार आपल्या समीक्षेत व्हावा तितका झालेला नाही.

आद्य प्रेक्षक हलते चित्र पाहून दिङ्मूढ झाला, ही कथा जगभर सांगितली जाते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने सहा लहान चित्रे दाखविली. तिकीट एक रुपया होते. लवकरच हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले. तेथे चार आण्यांपासून दर होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्षही राखले गेले. विस्मय झाला असेलच. तथापि पडद्यावर पडलेले उजेडाचे चित्र ही गोष्ट मराठी माणसाला सर्वस्वी अपूर्व होती, असे मानण्यास आधार नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावरील चित्रांच्या पोथ्या एकेक करून प्रेक्षकांसमोर धरीत आणि रामायण-महाभारतातील आख्याने गात. त्यांच्याकडे कातडी बाहुल्यांचा छायाखेळही होता व आजही आहे. ही परंपरा महाराष्ट्राच्या सीमेवर थांबत नाही. कर्नाटकात छायाबाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक रंगभूमीवर कन्नड बोलतात, पण त्यांच्यातील कुटुंबांची घरातील बोली मराठीचीच एक शाखा आहे. बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेच्या संग्रहात या कलेतील बाहुल्या पाहावयास मिळतात. त्या पाहताना दक्षिणेतील मराठीचा इतिहास केवळ तंजावरच्या दरबारात शोधणे किती अपुरे आहे, याची जाणीव होते. या खेळातील विदूषकाचे नाव किळ्ळेक्यातच. त्याची बायको बंगारक्का. देवादिकांच्या कथेत हे दोघे मध्येच घुसतात आणि गावातल्या गोष्टी बोलतात. याच सुमारास शहरी थरातही तसाच एक प्रयोग चालू होता. १८९० नंतरच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे आपल्या मुलांसह काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखवीत असत. त्या खेळाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. शांबरी म्हणजे मायाविद्या.

या सर्व प्रकारांत चित्र कधीच एकटे नव्हते. त्याच्या शेजारी सांगणारा होता. चित्रकथ्याची वीणा व हुडुक, बाहुलीवाल्याचे गाणे, पटवर्धनांच्या खेळातील निवेदन व संगीत यांतून चित्राला अर्थ येई. अशा समाजापुढे चलच्चित्र आले ते मुके. नवलाई हलण्याची होतीच. पण परंपरेच्या दृष्टीने खरी उणीव होती ती आवाजाची.

प्रारंभीच्या चित्रांना आवाजाची गरज नव्हती, कारण त्यांत कथाच नव्हती. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली; १९०१ मध्ये रँग्लर परांजपे परतले तेव्हाचा सत्कारही टिपला. पेच सुरू झाला तो आख्यान सांगावयाचे ठरले तेव्हा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. पडद्यावर मधूनमधून लेखी पाट्या येत. पण १९११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साक्षरता शेकडा सहाच्या आसपास होती. मग कथा सांगणार कोण?

दादासाहेब फाळक्यांनी पुराणकथा निवडली याचे कारण बहुधा त्यांच्या धर्मनिष्ठेत वा स्वदेशप्रेमात शोधले जाते. त्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकातील लेखांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना राम-कृष्ण डोळ्यांपुढे येऊ लागल्याचे लिहिले आहे. ते खरेच. परंतु माझ्या मते त्यात रचनेची एक निकडही होती. हरिश्चंद्र डोंबाघरी का राबतो, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. कीर्तनात ते त्याने अनेकदा ऐकलेले असते. पडद्याशेजारचा कथेकरी नाहीसा झाला, तेव्हा त्याचे काम प्रेक्षकाच्या स्मरणाने पत्करले. या मूकपटांना ‘भाबडे पौराणिक’ म्हणून बाजूला सारणारी आपली टीका या प्रेक्षकाला जमेस धरीत नाही.

चीनमधील उदाहरण येथे फार बोलके आहे. तेथील पहिला चित्रपट म्हणून परंपरेने ज्याचा निर्देश होतो, तो १९०५ मधील ‘दिंगजुन पर्वत’, हा तान शिनपेई या विख्यात नटाच्या संगीतनाटकातील काही प्रवेशांचे चित्रण होता. गायकाचे चित्र घेतले आणि गाणे वगळावे लागले! निवडलेले प्रवेश तलवारीचे व झुंजीचे होते. ज्यांना ते नाटक ठाऊक होते, त्यांना वगळलेली पदे मनातल्या मनात म्हणता आली असतील.

फाळक्यांना या मुकेपणाची जाण होती, असे ‘कालिया मर्दन’ (१९१९) पाहताना वाटते. त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने त्यात कृष्णाची भूमिका केली. आरंभी ती स्वतः म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते आणि मग कृष्ण होते. मला हा भाग कीर्तनातील पूर्वरंगासारखा वाटतो. आख्यान लावण्यापूर्वी सांगणाऱ्याने श्रोत्यांशी ओळख करून घ्यावी, तसा.

दक्षिणेत तंबूतील खेळांपाशी पडद्याजवळ उभे राहून चित्राचा अर्थ सांगणारे लोक पुढेही होते. जपानमध्ये तर अशा निवेदकांची कीर्ती नटांइतकी झाली. बोलपट आल्यावर ही गरज संपली असे म्हणतात. १९३२ मध्ये प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. आता पात्रे बोलू लागली. पण कथेच्या बाहेर उभा राहून सांगणारा मात्र परतला नाही. तो परतला चार वर्षांनी, दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये, आणि तोही पडद्याच्या आत. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा त्यांच्यासमोर श्रोते बसलेले असतात, आणि चित्रगृहातील आपण त्या श्रोत्यांच्या मागे बसल्यासारखे होतो. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग प्रत्यक्ष तुकोबांचाच म्हणून अनेकांनी स्वीकारला, आणि पुढे तो आठवल्यांचा असल्याचे पुन्हापुन्हा सांगावे लागले.