फासा किती वेळा टाकायचा? गेम मास्टरच्या हातातला न लिहिलेला नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्या जातीच्या खेळांवर पीएचडी करतेय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "त्यात नियम असतात, की नुसत्या गप्पा?" नियम असतात, आणि भरपूर असतात. खेळाडूंसाठीचं एकच पुस्तक तीनशेहून जास्त पानांचं आहे. माझं काम मात्र एका अशा नियमाबद्दल आहे जो त्या पानांवर नीट सापडत नाही, पण प्रत्येक टेबलावर चालू असतो. तो म्हणजे फासा कधी आणि किती वेळा टाकायला लावायचा. साधी गोष्ट वाटते ना? थोडं गणित करून बघू.

आधी खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण गेम मास्टर. गुहेत काय आहे, पहारेकरी काय करतो, दाराला कुलूप आहे का, हे सगळं तो किंवा ती सांगते. खेळाडू म्हणतात, "मी असं करतो." ते जमेल की नाही याची खात्री नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या कौशल्याचा बोनस मिळवायचा, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त आली की जमलं. बस, एवढंच यंत्र आहे.

चार जण आणि एक छावणी

समजा, चार पात्रांना गॉब्लिनांच्या छावणीतून रात्री गुपचूप जायचंय. प्रत्येकाला फाशावर ८ किंवा जास्त हवेत. म्हणजे वीसपैकी तेरा दानं चालतील, ६५ टक्के. तीनपैकी जवळजवळ दोन वेळा जमणार. चांगलंच आहे की!

आता गेम मास्टर म्हणते, "सगळ्यांनी फासे टाका. एकाचाही आवाज झाला तर पहारेकरी जागा होईल." चौघांचंही जमायला हवं, म्हणून ०.६५ चार वेळा गुणायचं. उत्तर येतं साधारण १८ टक्के.

तिला प्रसंग रंगवायचाय, म्हणून ती कुंपणापाशी एकदा, अंगणात एकदा आणि तंबूपाशी एकदा, असे तीनदा फासे टाकायला लावते. आता शक्यता उरते अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर. असे दोनशे प्रयत्न केले तर एखादाच पार पडेल.

पुस्तकातला एकही नियम मोडलेला नाही. पात्रं तीच, फासा तोच, लक्ष्याचा आकडाही तोच. गेम मास्टरच्या मनात दुष्टपणा नाही, तिला फक्त उत्कंठा वाढवायची होती. तरी "बहुतेक जमेल" असं वाटणारं काम "जवळजवळ अशक्य" झालं.

याचा परिणाम त्या एका रात्रीपुरता राहत नाही. दोन-तीनदा असं झालं की खेळाडू धडा घेतात : लपूनछपून जाण्यात अर्थ नाही, सरळ तलवार उपसा. मग सगळे तक्रार करतात की हा खेळ मारामारीचाच आहे. मारामारीत तर याहून जास्त फासे पडतात, मग तिथे असं का होत नाही? कारण तिथे एक वार हुकला तर एक वार हुकतो, लढाई चालू राहते. वीस-तीस दानांची सरासरी निघते आणि तयारीनं आलेला गट सहसा जिंकतो. लपण्याच्या प्रसंगात मात्र एक वाईट दान पडलं की सगळं संपलं. फासा एकच असला तरी त्याची मांडणी वेगळी आहे.

उलट्या बाजूनेही हेच

खोलीत एक गुप्त दार आहे. ते सापडणं अवघड ठरवलंय : १६ किंवा जास्त, म्हणजे २५ टक्के. पण चौघंही शोधतात आणि एकाला सापडलं तरी पुरे. आता चौघांनाही अपयश येण्याची शक्यता ०.७५ चार वेळा गुणून ३२ टक्के. म्हणजे दार सापडण्याची शक्यता ६८ टक्के! "अवघड" दार लपण्याच्या "सोप्या" कामापेक्षा कितीतरी सोपं निघालं. आणि "नाही सापडलं? मग परत शोधतो" हे चालू दिलं, तर एकट्यानं दहा वेळा शोधलं तरी ९४ टक्के.

तर, पुस्तक एका फाशाची शक्यता सांगतं. "सगळ्यांचं जमलं पाहिजे" की "कुणाचंही चालेल", एकदाच की पुन्हा पुन्हा, हे टेबलावर ठरतं, आणि कामाची खरी अडचण त्यातून तयार होते. बहुतेक वेळा ठरवणाऱ्याला आपण काही ठरवतोय याचा पत्ताही नसतो.

नियम लिहिणाऱ्यांनी काय केलं?

खेळ तयार करणाऱ्यांना हे कळत होतं. त्यांची उत्तरं बघण्यासारखी आहेत.

१९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वेळेला किंमत होती. दहा मिनिटांचा एक टर्न, आणि प्रत्येक टर्नच्या शेवटी पंचानं सहा बाजूंचा फासा टाकायचा. ६ पडले की भटकता राक्षस हजर. दहा टर्न रेंगाळलात तर किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता ८४ टक्के. "परत शोधतो" म्हणायला बंदी नव्हती, त्याचं बिल मात्र येत होतं.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं उलट वाट धरली. धोका नसेल आणि वेळ भरपूर असेल तर फासा टाकूच नका, २० पडले असं धरा आणि वीस प्रयत्नांचा वेळ खर्ची टाका. शेवटी जमणारच असेल तर फासे खुळखुळवत कशाला बसायचं?

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गटासाठी एकत्र चाचणी आहे : निम्म्या किंवा जास्त जणांचं जमलं तर सगळ्या गटाचं जमलं. आपल्या छावणीला हे लावून बघा. चारपैकी किमान दोघांचं जमण्याची शक्यता ८७ टक्के. १८ वरून थेट ८७! हा नियम पुस्तकात थोडक्यात उरकलाय, त्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो.

ल्यूक क्रेन यांच्या बर्निंग व्हीलमध्ये नियम असा, की एकदा पडलेलं दान परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम. कुंपणापाशीच्या यशावर तंबूपर्यंत जायचं. रॉबिन लॉज यांच्या गमशू या रहस्यकथांच्या खेळात तर मुख्य धागादोरा शोधायला फासाच नाही. योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी गेलं की धागा मिळतो. तो सापडलाच नाही तर कथाच पुढे सरकणार नाही, मग ते नशिबावर का सोडायचं?

ही कटकट दोनशे वर्षांची आहे

हा वाद या खेळांच्याही आधीचा आहे. १८२४ मध्ये प्रशियन लष्करातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्यानं सैनिकी प्रशिक्षणासाठी क्रीगस्पील नावाचा युद्धखेळ मांडला. त्यात नकाशे होते, फासे होते, नुकसानीची कोष्टकं होती, आणि सगळं चालवायला एक पंच होता. कोष्टकं इतकी किचकट झाली की १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं सुचवलं : ती बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निर्णय देऊ द्या. म्हणजे "नियम की पंचाची समज" हा प्रश्न तेव्हापासूनचा. अमेरिकेत १८८० मध्ये निघालेलं स्ट्रॅटेगोस हे युद्धखेळाचं पुस्तक पुढे मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली यांच्या हाती लागलं. त्यातल्या सर्वाधिकारी पंचाची कल्पना त्यांनी १९६९ च्या ब्राउनस्टाइन या खेळात वापरली. त्यात खेळलेल्या डेव्ह आर्नेसन यांनी ब्लॅकमूर सुरू केला, आणि त्यातून आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा १९७४ चा खेळ आला. गेम मास्टर हा त्या लष्करी पंचाचाच वारस आहे.

पडद्यामागचं दान

आता मुद्द्याची गोष्ट. गेम मास्टरसमोर पुठ्ठ्याचा पडदा असतो आणि त्यामागे तिचे फासे. राक्षसाच्या वाराला २० पडले, एखाद्याचं लाडकं पात्र मरणार. ती फासा उचलते आणि म्हणते, "हुकला." करावं का असं?

बंदी नाही. गायगॅक्स यांच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकातही पंचाला फासा डावलायचा अधिकार दिलाय, आणि २०१४ च्या पुस्तकातही पडद्यामागे दान बदलायची मुभा आहे. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी मिनेसोटातल्या गटांत स्वतः खेळून १९८३ मध्ये शेअर्ड फँटसी हे पुस्तक लिहिलं. दान बदलण्याचे प्रकार सर्रास चालतात आणि बहुतेक वेळा खपवूनही घेतले जातात, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. इथे कुणी कुणाविरुद्ध खेळत नाही, त्यामुळे कुणाचं काही हिरावलं जातंय असं वाटत नाही.

मला मात्र इथे आपल्या गल्लीतलं कच्चं लिंबू आठवतं. लहान भावंडाला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. यात कुणालाही फसवल्यासारखं वाटत नाही, कारण ते सगळ्यांसमोर मोठ्यानं जाहीर केलेलं असतं. पडद्यामागे दान बदलणारी गेम मास्टर सगळ्या गटालाच कच्चं लिंबू करते, आणि त्यांना सांगत नाही. ज्यानं आधी टेहळणी केली, औषधं जपून ठेवली, पळायची वाट पाहून ठेवली, तो आणि जो बेधडक आत घुसला तो, दोघंही सारखेच वाचतात. मग पहिल्याच्या विचार करण्याला काय किंमत उरली?

"पण चार तासांचा खेळ एका वाईट दानानं मातीत घालायचा का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. लोक आठवड्याची एक संध्याकाळ काढून आलेले असतात. माझं म्हणणं एवढंच की दया दाखवायची जागा दान पडण्याआधी आहे. तिथे गेम मास्टरकडे भरपूर अधिकार आहेत, आणि ते सगळे उघडपणे वापरता येतात. पुढच्या वेळी फासा मागण्याआधी हे चार प्रश्न स्वतःला विचारून बघा :

१. दोन्ही निकाल मला चालणार आहेत का? अपयश चालणार नसेल तर फासा मागू नका, सरळ "जमलं" म्हणा.

२. अपयश आलं तर नेमकं काय होईल? ते आधीच सांगा. ते मरणच असायला हवं असं नाही. कैद होणं, सामान गमावणं, पहारा वाढणं हेही चालतं.

३. सगळ्यांचं जमायला हवं, निम्म्यांचं, की कुणा एकाचं? हे मोठ्यानं ठरवा.

४. हे दान कुठपर्यंत टिकणार? परत टाकता येणार असेल तर त्याची किंमत काय?

एवढं ठरलं की फासा पडद्याबाहेर, सगळ्यांसमोर टाका. जे दान पडेल ते पडेल.

तुम्ही खेळ चालवत असाल तर पुढच्या वेळी एक करा. कागदाच्या कोपऱ्यात नोंद ठेवा : कोणत्या कामासाठी एकूण किती फासे मागितले, आणि त्यात किती जणांचं जमणं गरजेचं होतं. घरी आल्यावर गुणाकार करा. पुस्तकात लिहिलेली अडचण आणि तुमच्या टेबलावरची अडचण यातला फरक तुम्हालाच दिसेल. आकडे काय आले ते मलाही कळवा, पुढच्या लेखात त्यावर बोलू.