उन्हाळी नव्हे, प्रोस्टेटची सूज

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूर भागात एप्रिल-मेमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली की पुरुष माणूस लगेच दवाखाना गाठत नाही. ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, धने-जिऱ्याचं पाणी पितो, सब्जा भिजत घालतो. दिवसभर रानात राबून पाणी कमी पडलं आणि लघवी गडद झाली, एवढंच कारण असेल तर पोटात भरपूर पाणी गेल्यावर दोन दिवसांत आराम पडतोही. पण जळजळीसोबत हुडहुडी भरून ताप आला, कंबर धरली, धार बारीक झाली आणि अंडकोश व गुदद्वार यांच्या मधल्या जागी बसताना दुखू लागलं, तर तो उन्हाचा त्रास नाही. प्रोस्टेट सुजल्याची ती लक्षणं आहेत.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, फक्त पुरुषाला असते. तरुण वयात ती अक्रोडाएवढी असते आणि मूत्राशयाच्या लगेच खाली बसते. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वीर्यातला काही द्रव ही ग्रंथी तयार करते आणि बारीक नलिकांवाटे तो याच नळीत सोडते. दुखण्याचं मूळ या रचनेत आहे. लघवीचा मार्ग पुढे कुठे अरुंद असला, किंवा माणसाला जोर लावून लघवी करावी लागली, की आतला दाब वाढतो आणि लघवी त्या नलिकांमध्ये उलटी शिरते. ग्रंथीच्या बाहेरच्या भागातल्या नलिका मूत्रमार्गात जवळजवळ आडव्या उघडतात, त्यामुळे तिथे शिरकाव आणखी सोपा होतो. लघवीत जंतू असतील तर तेही आत जातात. एकदा आत गेलेले जंतू सहज बाहेर पडत नाहीत.

हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात. त्यांत ई. कोलाय सर्वांत पुढे, त्याच्या मागे क्लेब्सिएला, प्रोटिअस आणि इतर. पुरुषाची मूत्रनळी लांब असल्यामुळे बायकांच्या मानाने पुरुषांना लघवीचा संसर्ग कमी होतो. म्हणूनच पुरुषाला तो झाला, तर तो का झाला हे शोधलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नुसती गोळी देऊन घरी पाठवणं हे अर्धंच काम झालं.

कारण शोधायचं म्हणजे काय पाहायचं? पन्नाशी-साठीनंतर प्रोस्टेट वाढलेली असते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. जुन्या जखमेमुळे किंवा पूर्वीच्या संसर्गामुळे मूत्रनळी आकसलेली असू शकते. शिश्नाची पुढची कातडी मागे सरत नसेल तर तिथे स्वच्छता राहत नाही. एखाद्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस लघवीसाठी बाहेरून नळी (कॅथेटर) घातलेली असेल, तर ती जंतूंची वाट होते. प्रोस्टेटचा तुकडा तपासायला काढल्यानंतरही काही जणांना संसर्ग होतो. पस्तिशीच्या आतल्या तरुणांमध्ये निरोध न वापरता केलेल्या संबंधांतून आलेले गोनोरिया आणि क्लॅमिडिया लक्षात घ्यावे लागतात.

मधुमेहाबद्दल जास्त सांगायला हवं. साखर ताब्यात नसली की शरीराची लढण्याची ताकद घटते. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे मूत्राशय नीट रिकामंही होत नाही. अशा माणसात ग्रंथीत पू साठून गळू होण्याचा धोका बराच वाढतो. ते गळू औषधाने बसलं नाही तर पू काढावा लागतो. आपल्याकडे कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नसतं. म्हणून लघवीच्या तक्रारीसाठी आलेल्या पुरुषाची रक्तातली साखर त्याच दिवशी तपासावी. क्षयरोगही प्रोस्टेटमध्ये जाऊ शकतो. नेहमीच्या औषधाला दाद न देणारी सूज दिसली, तर आपल्या देशातल्या डॉक्टरने ही शक्यता विसरून चालत नाही.

आता जो भाग सर्वांत कमी सांगितला जातो, त्याकडे वळू. 1968 साली मीअर्स आणि स्टेमी या दोन डॉक्टरांनी लघवीचे वेगवेगळे भाग आणि ग्रंथीतला द्रव असे चार नमुने घेऊन संसर्ग नेमका कुठे आहे हे ओळखण्याची पद्धत मांडली. 1995 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या आजाराचे चार प्रकार ठरवले: अचानक येणारा जंतुजन्य, रेंगाळणारा जंतुजन्य, जंतूंशिवायचं ओटीपोटाचं जुनाट दुखणं आणि कोणतीही तक्रार नसताना तपासणीत सापडणारी सूज. या त्रासासाठी येणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के पुरुष तिसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्या लघवीत जंतू सापडत नाहीत, तरीही महिनोन्‌महिने दुखतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहणं, मज्जातंतूंची वाढलेली संवेदना, पूर्वीचा एखादा संसर्ग आणि मनावरचा ताण यांची त्यात सरमिसळ असते. तासन्‌तास ट्रॅक्टर किंवा ट्रक चालवणाऱ्याला बसून बसून हे दुखणं वाढतं. बसण्यामुळे जंतू मात्र येत नाहीत. अशा माणसाला महिन्यामागून महिने अँटिबायोटिक देत राहणं चुकीचं आहे. त्याला स्नायू सैल करायचे व्यायाम, लघवीची वाट मोकळी करणारी औषधं, झोप आणि धीर यांची गरज असते. ‘सगळं तुझ्या मनात आहे’ असं त्याला कोणी म्हणू नये. दुखणं खरं असतं.

जंतुजन्य प्रकारात मात्र औषध लागतंच, आणि तेही जास्त दिवस. प्रोस्टेटमध्ये बरीच औषधं पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून अचानक आलेल्या आजारात साधारण दोन ते चार आठवडे आणि रेंगाळलेल्या आजारात चार ते सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पाकीट बाजूला ठेवलं की उरलेले जंतू चिवट होतात. ई. कोलाय आता कित्येक नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. त्यामुळे पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, द्यावा. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन मग तपासणीला गेलात, तर जंतू सापडतीलच याची खात्री नाही.

अणदूरमध्ये डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. गावाचं आरोग्य गावाच्या हातात देणारं हे मोठं काम आहे. आज आशाताईही घरोघर जातात. पण खाली दुखतंय हे बाईसमोर बोलायला पुरुष धजत नाही आणि दुसऱ्या पुरुषालाही सांगत नाही. मग एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’ वाली जाहिरात त्याला जवळची वाटते. तिथे त्याला धातू जातोय, ताकद संपतेय, असं सांगून घाबरवतात. प्रोस्टेटची सूज म्हणजे पाप नव्हे, हस्तमैथुनाची शिक्षा नव्हे आणि कर्करोगही नव्हे. कर्करोगाच्या शंकेने करतात ती पीएसए ही रक्ततपासणी नुसती सूज असतानाही वाढलेली येऊ शकते. म्हणून आजार बरा झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी ती पुन्हा करतात.

घरातल्या बाईने, आशाताईने, मित्राने एवढं जरूर विचारावं: लघवी होते का, ताप आहे का? लघवी अजिबात होत नसेल, किंवा जळजळीसोबत थंडी वाजून ताप आला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तुळजापूरचं सरकारी रुग्णालय किंवा सोलापूरचं सिव्हिल, जे जवळ पडेल ते त्याच रात्री गाठा. अशा वेळी जंतू रक्तात पसरून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात.