खांद्यावरची बंदूक आणि पोलिसांचा प्रश्न

‘बंदुकीचा परवाना माझ्या नावावर आहे. बंदूक मी लपवून नेत नाही, उघड्यावर नेतोय. गुन्हा काही केलेला नाही. मग रस्त्यात पोलिसानं अडवलं तर नाव-गाव सांगायचं बंधन माझ्यावर कुठून आलं?’

हा युक्तिवाद ऐकायला भक्कम वाटतो. अमेरिकेत खांद्याला रायफल अडकवून फिरणाऱ्या आणि पोलिसांना ‘मला कशासाठी अडवलं?’ असं उलट विचारणाऱ्या माणसांचे व्हिडिओ आता खामगाव-मेहकरातल्या मोबाइलवरही दिसतात. पण भारतात हा युक्तिवाद दोन ठिकाणी कोसळतो. पोलिसाला ओळख विचारण्याचा अधिकार कायद्यानं स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. आणि बंदूक उघड्यावर नेण्याची मुभा परवानाधारकालाही नाही.

आधी ओळखीचं पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं १९ वं कलम नेमकं याच प्रसंगासाठी आहे. शस्त्र किंवा काडतुसं बाळगून चाललेल्या कोणाकडूनही कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. ‘कोणताही’ म्हटल्यावर त्यात हुद्द्याची अट नाही; मलकापूरच्या नाक्यावरचा साधा शिपाईसुद्धा मागू शकतो. त्यासाठी आधी काही गुन्हा घडायला हवा, किंवा तुमच्यावर संशय हवा, असंही कलमात नाही. हातात शस्त्र आहे एवढं कारण पुरतं.

परवाना दाखवला की या कलमापुरता विषय तिथंच मिटतो. दाखवला नाही, किंवा परवान्याशिवाय ते शस्त्र नेण्याचा हक्क आहे हे दाखवता आलं नाही, तर पोलीस नाव आणि पत्ता विचारू शकतो, आणि गरज वाटली तर शस्त्र जप्त करू शकतो. नाव-पत्ता द्यायला नकार दिला, दिलेला पत्ता खोटा असल्याचा संशय आला, किंवा माणूस पळून जाईल असं वाटलं, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. म्हणजे गप्प राहणं हाच अटकेपर्यंत नेणारा रस्ता आहे.

हा क्रम पोलिसांवरही बंधनकारक आहे, हे मात्र आपण फार कमी वेळा बोलतो. ‘लायसनचं पुस्तक घरी राहिलं म्हणजे थेट कोठडी’ ही धास्ती गावोगावी आहे आणि तीही चूक आहे. परवाना नसणं आणि परवाना जवळ नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानाच नसेल तर तो गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या प्रकारच्या विनापरवाना बंदुकीलाही किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. पण परवाना खरोखर असेल आणि फक्त घरी विसरला असेल, तर कलम १९ चा क्रम नाव-पत्त्यापाशी थांबू शकतो. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदणीतला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळे खरं-खोटं तपासणं पूर्वीइतकं अवघड नाही. शस्त्र जप्त झालंच तर पंचनाम्याची किंवा जप्तीच्या कागदाची प्रत मागून घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरणही पोलिसांवर टाकलेलं आहे. आणि अटक झाली तर तिची कारणं सांगणं व चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानंच घातलेलं बंधन आहे.

बंदूक नसलेल्या माणसाची स्थिती वेगळी असते, आणि घोळ बहुधा इथंच होतो. चिखलीच्या बाजारातून हात हलवत चाललेल्या माणसाला प्रत्येक वेळी ओळखपत्र दाखवण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. नाव सांगितलं नाही म्हणून अटक करण्याचा जो सर्वसाधारण अधिकार आहे, तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये आहे, आणि तोही अदखलपात्र गुन्हा पोलिसासमोर घडला किंवा त्याचा आरोप झाला तरच वापरता येतो. हातात शस्त्र आलं की मात्र ही ढाल उरत नाही. मला हे योग्य वाटतं. चालणं-फिरणं हा नागरिकाचा हक्क आहे. बंदूक बाळगणं ही राज्यानं अटी घालून दिलेली परवानगी आहे, आणि परवानगी देणाऱ्याला ती तपासून पाहता आलीच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणं हाही हक्कच नाही का? हा प्रश्न संविधान सभेत विचारला गेला होता, आणि तो विचारणारा सदस्य आपल्याच प्रांताचा होता. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. त्या प्रांतातून निवडून गेलेल्या हरि विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. त्यांच्यामागे मोठा आधार होता. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्यानं भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना सूट दिली, हा अपमान लोक विसरले नव्हते. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना परदेशी सत्तेखालची ती मागणी आणि स्वतंत्र देशाची गरज यांत फरक केला. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारांच्याही हाती पडेल, हा धोका त्यांनी मांडला. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९ नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क देतो, तोही शांततेनं आणि विनाशस्त्र.

अमेरिकेच्या संविधानात शस्त्राचा हक्क दुसऱ्या दुरुस्तीनं दिलेला आहे, म्हणून तिथला वाद वेगळ्या पायावर उभा राहतो. काही राज्यांत लांब बंदूक उघड्यावर नेणं कायदेशीर आहे, आणि तेवढ्यावरून पोलिसांना अडवता येतं का यावर तिथं खटले चालतात. तरी तिथंही गप्प राहण्याला सर्वत्र संरक्षण नाही. नेवाडातल्या हायबेल खटल्यात २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वाजवी संशय असेल आणि राज्याचा तसा कायदा असेल, तर नाव सांगायला लावणं घटनाबाह्य नाही.

आता उघड्यावर नेण्याचा मुद्दा. ‘पिस्तूल लपवलं तर गुन्हा, बारा बोअरची दुनाळी खांद्यावर दिसली तर चालते’ असं खात्रीनं सांगणारी माणसं भेटतात. शस्त्र नियम, २०१६ मधला ३२ वा नियम याच्या अगदी उलट आहे. सार्वजनिक ठिकाणी लांब बंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी बनवलेल्या खोळीत असली पाहिजे, पूर्ण झाकलेली असली पाहिजे, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर पूर्ण ताबा असला पाहिजे. चारचौघांत बंदूक परजणं आणि बार काढणं यावर सक्त बंदी आहे. परवाना रद्द होऊ शकतो. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात विशेष परवानगीशिवाय शस्त्र न्यायचं नाही, ही परवान्याचीच अट आहे. त्यामुळे सैलानीची यात्रा असो, शेगावचा प्रकट दिन असो की १२ जानेवारीचा सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव, परवाना खिशात असूनही तिथं बंदूक नेणं अटभंग ठरतं. अटभंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे बार काढणाऱ्यासाठी २०१९ पासून वेगळा गुन्हाच आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आनंदाच्या बारात माणसं मेल्यावर संसदेला हे लिहावं लागलं, हे विसरू नये.

परवान्यानं सगळंच झाकलं जातं असंही नाही. शस्त्र अधिनियमाचं २० वं कलम वाचताना एका वाक्यांशापाशी थांबायला हवं. परवाना असो वा नसो, बेकायदा कामासाठी वापर होईल असा रास्त संशय यावा अशा पद्धतीनं कोणी शस्त्र नेत असेल, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. हा अधिकार पोलिसांबरोबरच दंडाधिकारी, इतर लोकसेवक आणि रेल्वे किंवा वाहनावर काम करणारे कर्मचारी यांनाही आहे. नांदुरा किंवा शेगाव स्टेशनावर उघडी बंदूक घेऊन गाडीत चढणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

पोलीस सोडले तर सामान्य माणसाला रोज दिसणारी लांब बंदूक एकच असते, बँकेच्या दारातल्या राखणदाराची. आपल्या जिल्ह्यात या कामावर माजी सैनिक बरेच असतात, आणि त्यांच्याबद्दल ‘फौजीला लायसन लागत नाही’ असं सर्रास बोललं जातं. सेवेत असताना सरकारनं कामासाठी दिलेलं शस्त्र कायद्याच्या सवलतीत येतं. निवृत्तीनंतर ती सवलत संपते आणि इतरांसारखाच जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. ड्यूटी संपवून स्वतःची बंदूक घरी नेणाऱ्या राखणदारालाही खोळ आणि परवाना दोन्ही लागतात, आणि त्यालाही पोलीस विचारू शकतात. त्यात त्याचा अवमान नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. रोही आणि रानडुकरांनी हरभरा, तूर, मका एका रात्रीत आडवा केला की जागलीला गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, ते वर्षाची कमाई शेतात उभी असलेल्यालाच कळतं. कायद्यानं हे ओळखलेलं आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या मूळ कायद्यातच आहे. ती अपुरी पडते असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर किमान वीस इंच नळीची साधी, आटे नसलेली बंदूकही देता येते. पण ‘पिकासाठी लायसन आहे म्हणजे डुक्कर मारायची परवानगी आहे’ हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. शस्त्राचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. वन्यप्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. रोही आणि रानडुकरांसाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली आहे. एकानं दुसऱ्याचं काम भागत नाही. शेतात उभं राहून वनखात्याच्या माणसानं कागद मागितला तर दोन्ही दाखवता आले पाहिजेत.

आणि आपला जिल्हा अभयारण्यांचा आहे. ज्ञानगंगा, लोणार, आणि सातपुड्यातलं संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि तिथल्या जुन्या परवानाधारकांना त्यांच्याकडे नोंद करण्याचं बंधन आहे. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगेतून जातो. ‘रस्ता सरकारी आहे, मी नुसता जातोय’ हा बचाव इथं पुरत नाही. सार्वजनिक रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला प्रवेशाची सूट कायद्याच्या २७ व्या कलमात आहे, शस्त्राविषयीच्या ३१ व्या कलमात ती लिहिलेली नाही. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ डिसेंबर २०१९ मध्ये याच ज्ञानगंगेत येऊन पोहोचला होता. अशा जंगलात बंदूक दिसली की वनरक्षक थांबवणारच, आणि त्यानं थांबवावंच.

छऱ्याच्या बंदुकीबद्दलही थोडं. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण लांबून पाहणाऱ्या पोलिसाला ती रायफलच दिसते, आणि ती परवान्याशिवाय नेता येते हे दाखवणं कलम १९ नुसार नेणाऱ्याकडेच येतं. खरेदीची पावती आणि कंपनीची माहिती सोबत असलेली बरी.

घरोघरी आढळणारी आणखी एक चूक : वडिलांच्या नावावरची बंदूक मुलगा नूतनीकरणासाठी किंवा दुरुस्तीसाठी एकटा घेऊन निघतो. परवानाधारक सोबत असला, किंवा त्यानं तसं लेखी अधिकारपत्र दिलं असलं, तरच हे चालतं. ती चिठ्ठी नसेल तर पोलिसांच्या दृष्टीनं मुलगा विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो. वडील वारल्यावर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानं स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो.

शेवटी निवडणुकीचा मुद्दा. आचारसंहिता लागली की सगळ्यांच्याच बंदुका जमा कराव्या लागतात, असं मानलं जातं. एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरसकट आदेशाला आक्षेप घेतला, आणि तेव्हापासून जिल्ह्यातली छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करून कोणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवते. नोटीस आली तर शस्त्र ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची, आणि निकालानंतर आठवडाभरानं ती दाखवून परत न्यायचं. नोटीस आली नसली तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश चालू आहे का, हे ठाण्यात विचारल्याशिवाय बंदूक घराबाहेर काढू नये. तो आदेश लागू असताना बंदूकच काय, काठी घेऊन फिरायलाही मनाई असू शकते.