पडद्यावर कुणीच हलत नाही

नगरकडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघितलेली माणसं अजून भेटतात. पाळण्यांच्या गलक्यातून आत शिरायचं, जमिनीवर बसकण मारायची आणि डोळे फाडून बघायचं. त्यांना सांगून बघा, की त्यातला जवळजवळ निम्मा वेळ तुम्ही काळोखाकडे बघत होतात. वेड्यात काढतील! पण ते खरं आहे.

रिळाच्या प्रोजेक्टरमध्ये पट्टी सलग पळत नाही. शिलाई मशीनवर सुई वर गेली की कापड सरकतं, खाली आली की थांबतं; तशीच ही पट्टी सेकंदाला 24 वेळा थांबते आणि 24 वेळा सरकते. (सिनेमाच्या आरंभकाळातल्या ल्युमिएर बंधूंना ही युक्ती सुचली तीही शिलाई मशीनवरूनच.) चित्र सरकताना दिसलं तर पडद्यावर नुसता फराटा उमटेल, म्हणून तेवढ्यापुरती एक फिरती पाकळी उजेड अडवते. थोडक्यात, पडद्यावर येतात ती थांबलेली चित्रं, आणि मधे मधे अंधार. पळणारा घोडा तिथे नाहीच मुळी!

मग तो पळतो कुठे? 1912 मध्ये माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एक रेघ क्षणभर दाखवायची, ती गेली की लगेच थोड्या अंतरावर दुसरी. बघणाऱ्याला एकच रेघ इकडून तिकडे सरकलेली दिसते! हालचाल मेंदूनं पदरची घातलेली असते.

आणि मेंदूला ही सवय जुनीच. डोळे मिटलेले असतानाही तो रोज रात्री अख्खी दुनिया चालवतोच की. म्हणून असेल कदाचित, पण चित्रांना चालवायची विद्या हाती येते न येते तोच एक माणूस थेट स्वप्नात घुसला. विन्झर मॅके हा अमेरिकन चित्रकार. त्याचा छोटा निमो 1905 पासून वर्तमानपत्रातल्या चित्रकथेत दर रविवारी नव्या स्वप्नात भटकायचा आणि शेवटच्या चौकटीत जागा व्हायचा. 1911 मध्ये मॅकेनं त्याला पडद्यावर आणलं. त्यासाठी सुमारे 4000 चित्रं काढली. त्यातली पात्रं जत्रेतल्या वाकड्या आरशात दिसावीत तशी लांबतात, आखडतात. निमो स्वतःच एक राजकन्या रेखाटतो, ती जिवंत होते आणि मग दोघं ड्रॅगनच्या जबड्यात बसून निघून जातात. स्वप्नाचं तर्कशास्त्र अगदी असंच असतं, नाही का?

तिकडे हे, तर इकडे 1912 मध्ये लंडनहून आणलेला कॅमेरा लावून दादासाहेब फाळके मुंबईत एका कुंडीसमोर उभे. कुंडीत वाटाणे. महिनाभराहून अधिक काळ त्यांनी अंकुर फुटून वेल होईपर्यंतची चित्रं टिपली आणि मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. रोज एकच चित्र घेतलं, असं सांगितलं जातं. पण हिशोब करा: त्या काळी सेकंदाला 16 चित्रं धरली, तर 30 चित्रं दोन सेकंदांतच संपली असती! मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. केवढा हा चिवटपणा! घरात सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया.

वेल झपाझप चढताना बघून काही जणांनी कर्ज दिलं आणि त्यातून 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मला मात्र त्याहून मोठी गंमत वाटते ती फाळक्यांच्याच 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’ची. वाटाण्याला निदान निसर्ग तरी वाढवत होता. काडी जागची हलणार कशी? दोन चित्रांच्या मधे माणसाचा हातच तिला सरकवणार, आणि पुढचं चित्र घेण्याआधी बाजूला होणार. हा सिनेमा आज उपलब्ध नाही.

पण काडेपेटी आहे, मोबाईलही आहे. मोबाईल डब्याला टेकवून पक्का बसवा. काडी अर्धा सेंटिमीटर सरकवा, हात काढा, फोटो घ्या. पुन्हा सरकवा. मग सगळे फोटो एकामागून एक भराभर दाखवा; बारा फोटो म्हणजे एक सेकंद. काडी लंगडत का होईना, चालायला लागली, की शेजारी बसलेलं पोर विचारणारच: आता हिला उडवायची का?