पोकळीवर थांबणारी गाडी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि ब्रेक दाबून बघा. पहिल्यांदा पाय सहज खाली जाईल, दुसऱ्यांदा जरा अडेल, तिसऱ्या-चौथ्यांदा पेडल दगडासारखं होईल. आता पाय तसाच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल आपसूक बोटभर खाली जाईल. माझ्या जुन्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवायचं ठरलं, तेव्हा पाना हातात घेण्याआधी मी हे करून पाहिलं. पुढची सगळी गोष्ट त्या बोटभर अंतरात आहे.

मी कोथरूडची. बाबा किर्लोस्कर कमिन्समध्ये होते, आणि मी कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन शिकले. गेली बावीस वर्षं अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबसमध्ये राहते. कमिन्सचं मूळ गाव ते हेच. 1919 साली क्लेसी कमिन्स यांनी कंपनी इथे सुरू केली. इथे पुण्याची बरीच मंडळी आहेत, त्यामुळे आमचं ढोलपथकही आहे. वीस ढोल, आठ ताशे आणि ध्वज घेऊन शिकागोपर्यंत जायचं, तर साधी गाडी पुरत नाही. म्हणून 1988 ची फोर्ड इकॉनोलाइन ई-350 घेतली. आपल्याकडच्या व्हॅनच्या शेजारी ती ट्रकच वाटेल. तिचं साडेसात लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन लिटरला जेमतेम चार किलोमीटर द्यायचं. त्याच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन गेलं, आणि डिझेलचा विचार सुरू झाला.

हा विचार या गावाला नवा नाही. क्लेसी कमिन्स यांनी एका जुन्या पॅकार्ड लिमोझिनमध्ये आपलं डिझेल इंजिन बसवलं आणि 1929 च्या नाताळात आपले भांडवलदार विल्यम अर्विन यांना तिच्यातून फिरवून आणलं. लगेच जानेवारी 1930 मध्ये तीच गाडी त्यांनी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला नेली. सुमारे 800 मैलांना डिझेल लागलं 1 डॉलर 38 सेंटचं. मंदीच्या तोंडावर कंपनीला आधार मिळाला तो अशाच एका इंजिनबदलाने.

मी निवडलं कमिन्सचंच 4बीटी: चार सिलिंडर, 3.9 लिटर, टर्बो, 105 अश्वशक्तीचं. इथे पाव आणि वेफर्स दुकानोदुकानी पोचवणाऱ्या डबा-गाड्यांत हे इंजिन असायचं. अशीच एक गाडी भंगारात निघाली होती. दोन्ही इंजिनांच्या वजनात फारसा फरक नाही, पण 4बीटी उंच. इकॉनोलाइनचं निम्मं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, एका झाकणाखाली असतं. ते झाकण कापून वाढवावं लागलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट आली. शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याची क्रेन आणि आमचे चार शनिवार एवढ्यात इंजिन जागेवर बसलं. बघणाऱ्यांना वाटलं, झालं काम. खरं काम तिथून पुढे होतं.

पेट्रोल इंजिन हवा ओढतं ते एका झडपेतून. पाय काढला की झडप मिटते, पिस्टन मात्र ओढतच राहतात. म्हणून झडपेच्या मागे दाब कमी होतो. हीच ती पोकळी, मेकॅनिकच्या भाषेत व्हॅक्यूम. इंजिन नुसतं चालू असताना ती पाऱ्याच्या 450 ते 500 मिलिमीटरपर्यंत भरते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला ही पोकळी, दुसऱ्या बाजूला ब्रेक दाबताच आत येणारी बाहेरची हवा. पडदा पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर हवा त्याला तीनशे किलोच्या आसपास जोराने ढकलते. आपला पाय फक्त इशारा देतो, गाडी थांबवायला हात लावते ती हवा.

डिझेलमध्ये ही झडपच नसते. ते दर वेळी पोटभर हवा घेतं, ती साडेसतरा पट दाबतं, आणि त्या उष्णतेत फवारलेलं डिझेल ठिणगीवाचून पेटतं. वेग ठरतो डिझेलच्या मापावर. झडप नाही म्हणून पोकळी नाही, आणि पोकळी नाही म्हणून ब्रेकला मदत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो. तो मी बसवला.

पण त्या पोकळीवर जगणारं आणखी एक यंत्र गाडीत होतं. सी-6 हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पोकळी मोजून इंजिनावरचा भार ओळखतो. पोकळी कमी झाली, तर तो समजतो की चालकाने पाय दाबलाय. मग आतल्या प्लेटा घट्ट धरतो आणि गिअर उशिरा बदलतो. मी त्याची नळी सरळ पंपाला जोडली. पंपाची पोकळी सदा भरपूर, त्यामुळे गिअरबॉक्सला गाडी कायम निवांत चालल्यासारखी वाटली. भरलेली व्हॅन घेऊन पहिला चढ लागला, तशा प्लेटा घसरल्या. घरी येऊन तेलाची पट्टी ओढली: लाल तेल तपकिरी झालं होतं, आणि करपलेला वास. फोर्डने जुन्या डिझेल व्हॅनमध्ये यावर उपाय केलेला होता: इंजेक्शन पंपाच्या दांडीवर एक छोटा व्हॉल्व्ह, जो पाय दाबेल तशी पोकळी कमी करतो. तो बसवला, तेल बदललं, तेव्हा गिअरबॉक्सला भार पुन्हा ओळखता आला.

बाकीची कामं लहान, पण एकही टाळण्यासारखं नाही. टाकी पेट्रोलपासून कोरडी करायची, कारण डिझेल पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी टाकायची. टाकीचं तोंडही बदलायचं, कारण अनलेडेड पेट्रोलसाठीच्या अरुंद तोंडात डिझेलची जाड नळी शिरतच नाही. इंजिनाचे फेरे कमी, म्हणून महामार्गावर मी ताशी 60 मैलांपुढे जात नाही.

परवडतं का, असं सगळे विचारतात. एकूण साडेसहा हजार डॉलर गेले. आता लिटरला साडेसात किलोमीटर मिळतात, पण इथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले, तर खर्च भरून यायला बारा-तेरा वर्षं लागतील. निव्वळ पैशासाठी कुणी यात पडू नये. कायदाही आधी वाचावा. अमेरिकेत त्याच किंवा नंतरच्या वर्षाच्या, मान्यताप्राप्त रचनेचं इंजिन लागतं. भारतात आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी.वर नोंद हवी. आणि काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. ते अर्धवट जळलेलं डिझेल, आणि ते मागच्या माणसाच्या छातीत जातं. पंपाला हात लावून डिझेल वाढवणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगते.

मग मी हे का केलं? या इंजिनाला चालू राहायला एक वायर पुरते, ती डिझेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. बाकी सगळं लोखंड, आणि ते हाताने उघडून दुरुस्त करता येतं. बाबा असंच इंजिन उघडून दाखवायचे. आता मी पथकातल्या मुलांना दाखवते.

डॅशबोर्डवर मी व्हॅक्यूमचा एक काटा लावलाय. मागे ढोल चढतात, मुलं बसतात, इंजिन सुरू होतं. काटा 500 कडे सरकेपर्यंत मी गिअरला हात लावत नाही. मग ब्रेक दाबते. पेडल मऊ लागलं, की निघायचं.