संगणकाचे दोन पहारेकरी

जून महिन्यात महाविद्यालय सुरू झाले की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, घरी नवा संगणक घेतला आहे. अँटिव्हायरस कोणता बसवू?’ विचारणारा कधी विद्यार्थी असतो, कधी त्याचे वडील. अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने तर विचारण्याआधीच उत्तर शोधून काढले होते. एक अँटिव्हायरस चांगला, तर दोन अधिक चांगले, असा सरळ हिशेब करून त्याने दोन निरनिराळ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस एकाच संगणकात बसवले. मग चार पानांचा निबंध उघडायलाही मिनिटभर लागू लागले आणि घरची मंडळी संगणक दुरुस्तीला न्यायच्या बेतात आली.

संगणक बिघडलेला नव्हता. त्याचे दोन पहारेकरी एकमेकांच्या पायांत पाय घालत होते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी पहारेकऱ्याचे काम कसे चालते ते आधी पाहिले पाहिजे. ते समजले की कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तुमचे तुम्हीच देऊ शकाल.

संगणकाचा व्हायरस हा सजीव नाही. तोही एक प्रोग्रॅमच, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका. फरक एवढाच की, आपली नक्कल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसवण्याची आज्ञा त्या मालिकेत असते. १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम प्रयोगादाखल करून दाखवला. त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले ते त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी. पुढे १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीबरोबर देशोदेशी पोहोचला. गंमत म्हणजे त्यात त्या भावांची नावे, पत्ता आणि फोन नंबरही होता. चोराने आपले नाव-गाव मागे ठेवून जावे, तसेच हे!

आणि खरोखर, प्रत्येक व्हायरस काही ना काही खूण मागे ठेवतोच. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी अंकांची ओळ. त्या ओळीतला एखादा तुकडा असा असतो की, तो दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये सहसा सापडत नाही. अँटिव्हायरसजवळ अशा तुकड्यांची मोठी यादी असते. तुम्ही फाइल उघडायला गेलात की तो क्षणभर मध्ये उभा राहतो, फाइल यादीशी ताडून पाहतो आणि मगच ती तुमच्या हाती देतो. पोलीस चौकीतल्या फलकावर माहीतगार चोरांचे फोटो लावलेले असतात, तसाच हा प्रकार. यादी रोज ताजी का करावी लागते, हे आता सांगायला नको. कालचा फलक आज जन्मलेल्या चोराला ओळखणार नाही.

आता त्या दोन पहारेकऱ्यांकडे वळू. पहिल्याने तपासण्यासाठी फाइल उघडली की दुसऱ्याला दिसते, ‘कोणीतरी फाइल उघडते आहे’. तोही तपासायला धावतो. शिवाय अँटिव्हायरसला प्रत्येक फाइलीत डोकवावे लागते, आणि असे डोकावणारा प्रोग्रॅम दुसऱ्या अँटिव्हायरसला साहजिकच संशयित वाटतो. एक काढून टाकताच त्या विद्यार्थ्याचा संगणक पूर्ववत झाला.

पण यादीत नसलेला चोर ओळखायचा कसा? त्यासाठी चेहरा न पाहता वागणूक पाहतात. समजा, एखादा प्रोग्रॅम तुमचे फोटो आणि प्रकल्पाच्या वह्या एकामागून एक उघडतो आहे आणि त्यांतला मजकूर बदलून वाचता न येणारा मजकूर लिहितो आहे. हे लक्षण खंडणीखोर व्हायरसचे. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या या जातीला रॅन्समवेअर म्हणतात. मात्र शेकडो फाइली दाबून एक गठ्ठा करणारा, अगदी सज्जन प्रोग्रॅमही थोडाफार असाच वागतो. मग हात कोठे धरायचा? घरातल्या फ्यूजची तार आठवा. ती फार बारीक घेतली तर इस्त्री लावताच जळते, फार जाड घेतली तर घरातली वायर जळेपर्यंत ती शाबूत राहते. अँटिव्हायरसची संवेदनशीलता ठरवणे हे असेच नाजूक काम आहे.

थोडे गणित करू. तुमच्या संगणकात २ लाख फाइली आहेत असे धरा. विंडोजच्या स्वतःच्या फाइली मोजल्या तर एवढ्या सहज भरतात. एखादा अँटिव्हायरस १०,००० निर्दोष फाइलींमागे फक्त एकदा चुकतो. ऐकायला हे उत्तम वाटते. पण २ लाखांत अशा चुका होतील २०. खरा व्हायरस एकच असेल, तर २१ इशाऱ्यांपैकी २० खोटे! चार-पाच खोटे इशारे पाहिल्यावर तुम्ही पुढचा इशारा न वाचताच बाजूला साराल, आणि नेमका तोच खरा असेल. खोटा इशारा निरुपद्रवी नसतो, याचा पुरावा २१ एप्रिल २०१० रोजी मिळाला. त्या दिवशी मॅकॅफी कंपनीच्या ताज्या यादीने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली, आणि ठिकठिकाणचे संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले. औषधानेच रोगी आडवा केला.

कोणी म्हणेल, हे आजच्या तंत्राचे दोष आहेत, उद्या अचूक अँटिव्हायरस निघेल. तो कधीच निघणार नाही. हे कोहेननेच तर्काने सिद्ध केले आहे, आणि तो तर्क तुम्हाला कागद-पेन्सिलीशिवाय समजेल. समजा, कधीही न चुकणारा एक पारखी प्रोग्रॅम कोणी तयार केला. मी एक खट्याळ प्रोग्रॅम लिहितो आणि तो पारखीच त्याच्या पोटात ठेवतो. माझा प्रोग्रॅम सुरू होताच पारख्याला विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ पारखी ‘हो’ म्हणाला तर तो काहीच न करता गुपचूप थांबतो. ‘नाही’ म्हणाला तर लगेच आपल्या नकला पसरवू लागतो. आता सांगा, पारख्याने कोणते उत्तर द्यावे? ‘हो’ म्हटले तर एका निरुपद्रवी प्रोग्रॅमवर आळ येतो. ‘नाही’ म्हटले तर व्हायरस सुटतो. तेव्हा डब्यावर ‘१०० टक्के संरक्षण’ असे छापलेले दिसले, तर तो डबा पुन्हा फळीवर ठेवायला हरकत नाही.

दुसरा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. एका इमारतीची आग शेजारच्या इमारतीत पसरू नये म्हणून मध्ये जी भिंत बांधतात, तिचे हे नाव. अँटिव्हायरस घरात आलेली वस्तू तपासतो. फायरवॉल दारातच उभी असते. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला ६५,५३६ क्रमांकांची दारे असतात असे समजा. त्यांना पोर्ट म्हणतात. सुरक्षित संकेतस्थळे बहुतेक ४४३ क्रमांकावर बोलतात, विंडोजमधली फाइलींची देवघेव ४४५ वर चालते. फायरवॉलचा मुख्य नियम सोसायटीच्या वॉचमनसारखाच आहे: आतल्या कोणी बोलावले असेल त्याला सोडायचे, न बोलावता आलेल्याला परत पाठवायचे.

हा वॉचमन झोपला तर काय होते, हे ऑगस्ट २००३ मध्ये दिसले. ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म १३५ क्रमांकाच्या दारातून विंडोजमध्ये शिरे. वर्मला दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पाठीवर बसावे लागत नाही, तो जाळ्यातून स्वतःच सरपटतो. संगणकाच्या मालकाने काही उघडले नाही, कशावर बोट ठेवले नाही, नुसते इंटरनेट जोडले तरी पुरे. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे! पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मधल्या सुधारणेने ती आपोआप चालू राहू लागली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ ४४५ क्रमांकाच्या दारातून पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाज कोलमडले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती अनेकांनी बसवलीच नव्हती.

आता मूळ प्रश्न. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही आधीपासून असतात. माझ्या मते बहुतेक घरांना तेवढे पुरते; अट एवढीच की, ते चालू असावेत आणि विंडोजच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवलेल्या असाव्यात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. भिंतीला भगदाड ठेवून महागडा पहारेकरी नेमणे शहाणपणाचे नाही, म्हणून अशा संगणकाच्या बाबतीत अँटिव्हायरसवर खर्च करण्याआधी विंडोजचा विचार करा. वसतिगृहाच्या किंवा बसस्थानकाच्या वायफायला जोडताना विंडोजच्या सेटिंगमध्ये ते जाळे ‘पब्लिक’ ठेवा. मग फायरवॉल अधिक कडक होते. वेगळी फायरवॉल विकत घेण्याचे घरगुती वापरात मला कारण दिसत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल ती परवानगी विचारू लागली की, तिसऱ्या दिवसापासून सगळे डोळे मिटून ‘हो’ म्हणतात.

तरीही अँटिव्हायरस विकत घ्यायचाच असेल, तर जाहिरातीऐवजी परीक्षेचा निकाल पाहा. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था निरनिराळे अँटिव्हायरस तपासून निकाल जाहीर करतात. त्यांत किती व्हायरस पकडले एवढेच पाहू नका. खोटे इशारे किती दिले आणि संगणक किती मंदावला, हेही पाहा. एका परीक्षेत पहिला आलेला पुढच्या परीक्षेत मागे पडू शकतो, म्हणून चार-सहा निकाल शेजारी ठेवून पाहावेत. पुण्याच्या काटकर बंधूंचा क्विक हील तुम्हाला जवळचा वाटेल. त्यालाही याच कसोट्या लावा. फुकट मिळणाऱ्याची किंमत कधी कधी दुसरीकडून वसूल होते. वापरणाऱ्यांनी कोणती संकेतस्थळे पाहिली, ती माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि नव्या संगणकाबरोबर आलेला, मुदत संपलेला नमुना-अँटिव्हायरस तसाच पडू देऊ नका. तो काढून टाकला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्याहून वाईट म्हणजे फुकटात मिळवलेला चोरीचा खेळ. त्याच्यासोबत सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ पहारेकऱ्याला रजा देऊन पाहुण्याला मागच्या दाराने आत घेतल्यावर फायरवॉलने तरी काय करावे? तिच्या दृष्टीने तो पाहुणा तुम्हीच बोलावलेला असतो.

शेवटी एक प्रयोग. शिक्षकांच्या किंवा पालकांच्या देखरेखीखाली करा. आयकार या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर ६८ अक्षरांची एक ओळ दिलेली आहे. ती अगदी निरुपद्रवी आहे. पण अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे कळावे, म्हणून तिला व्हायरस समजायचे असे ठरलेले आहे. ती नोटपॅडमध्ये उतरवून फाइल साठवा आणि किती वेळात आरडाओरड होते ते पाहा. मग नव्या फाइलीत तीच ओळ, मधले फक्त एक अक्षर बदलून, पुन्हा साठवा. कोणते अक्षर बदलले आणि पहारेकरी काय म्हणाला, दोन्ही वहीत टिपून ठेवा.